गव्हाच्या बर्बनमध्ये गहू शोधताना

"गहू कुठला?" बाबांनी विचारलं.

ऑस्टिनला रविवारची सकाळ होती, निफाडला रात्रीचे आठ वाजले होते. आदल्या दिवशी टेक्सासच्या हिल कंट्रीतली एक छोटी डिस्टिलरी पाहून आले, तिथे बर्बन व्हिस्कीत गहू घालतात, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्यामुळे विषय तिथेच संपेल असं वाटलं होतं. पण पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस धान्याचं नाव निघालं की थांबत नाही. "लोकवनसारखा कडक आहे की मऊ? दाताखाली फोडून बघितलास का?"

फोडून बघितला नव्हता. मात्र डिस्टिलरनं दिलेला मूठभर गहू जॅकेटच्या खिशात तसाच होता. फोन कानाला लावूनच एक दाणा चावला. लोकवन फुटताना जो कट्ट आवाज होतो तो आलाच नाही. दाणा सहज चुरला, आत पांढराशुभ्र, खडूसारखा. बाबा म्हणाले, "मग हा पोळीचा नव्हे. नानकटाईचा आहे."

त्यांचं बरोबर होतं. पोत्यावर 'सॉफ्ट रेड विंटर' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. अमेरिकेत केक, बिस्किटं, क्रॅकर याच गव्हाची होतात. त्यात प्रथिनं कमी, स्टार्च जास्त. पोळीला जी चिकाटी लागते ती यात नाही, पण दारू गाळणाऱ्याला चिकाटी नकोच असते, त्याला स्टार्च हवा असतो. स्टार्चची साखर होते आणि साखरेचं अल्कोहोल. घरून आठ-नऊ हजार मैलांवर बसून एका दाण्यावरून बाबांनी हे सांगितलं. मी अन्नतंत्रज्ञ आहे, सॉस आणि चटण्यांची चव तपासणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि मला तो दाणा चावून बघायचं सुचलं नव्हतं. मग ठरवलं की ही बाटली सावकाश, नीट तपासायची. प्रश्न एकच ठेवला: या बर्बनमध्ये गहू मला खरंच सापडतो का?

आधी बर्बन म्हणजे काय ते सांगते. अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. गाळलेली दारू ८० टक्के अल्कोहोलच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांच्या वर नको, आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नको. पिंप ओक लाकडाचं, कोरं आणि आतून जाळलेलं असलं पाहिजे. वरून रंग किंवा स्वाद घालायला परवानगी नाही. किमान दोन वर्षं मुरली तर 'स्ट्रेट' म्हणता येतं, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय लेबलवर लिहावंच लागतं. बर्बन केंटकीतच बनली पाहिजे अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. अमेरिकेत कुठेही चालते.

मक्याखेरीज थोडी मोड आणलेली बार्ली असते, तिच्यातल्या विकरांमुळे स्टार्चची साखर होते. तिसरं धान्य चवीसाठी, आणि ते बहुतेक ठिकाणी राय (गव्हासारखं एक धान्य, आपली मोहरी नव्हे) असतं. रायमुळे मिरी, पुदिना, काहीसा शेपूसारखा हिरवट तिखटपणा येतो. रायच्या जागी गहू घातला की ती 'व्हीटेड' बर्बन. या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही, तो धंद्यातला शब्द आहे. ५१ टक्के किंवा त्याहून जास्त गहू असला तर ती बर्बन राहत नाही, 'व्हीट व्हिस्की' होते, ती वेगळी.

गव्हाची सर्वात प्रसिद्ध बर्बन म्हणजे केंटकीतल्या लोरेटो गावची मेकर्स मार्क. १९५० च्या दशकात बिल सॅम्युएल्स यांनी घराण्याची जुनी पाककृती टाकून नवी करायला घेतली. प्रत्येक प्रयोग पिंपात वर्षानुवर्षं मुरवून बघणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यमिश्रणांचे पाव भाजले आणि ज्याची चव आवडली ते मिश्रण निवडलं, अशी गोष्ट ती मंडळी सांगतात. त्यात ७० टक्के मका, १६ टक्के गहू, १४ टक्के बार्ली. मला त्या गोष्टीहून त्यांची गिरणी जास्त आवडते. बऱ्याच डिस्टिलऱ्या हातोड्यांच्या गिरणीत धान्य ठेचून काढतात. मेकर्स मार्क रोलरमध्ये दळते, कारण दळताना धान्य तापलं तर कडवटपणा येतो असं त्यांचं म्हणणं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गिरणीत दगडांना टाकी लावायची वेळ झाली की दळण गरम यायचं. बाबा पिठाच्या तोंडाशी सतत हात धरून असायचे. पीठ हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर पट्टा बंद. जळक्या पिठाची पोळी कडू लागते आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

म्हणून डिस्टिलरीत पोचल्यावर मी तांब्याच्या भट्टीचे फोटो काढायच्या आधी गिरणी कुठे आहे ते विचारलं. डिस्टिलर खुलले. पाहुणे हे विचारत नाहीत म्हणाले. त्यांनी भरड हातावर दिली. मक्याची भरड जाडसर, लापशीच्या रव्यासारखी, गव्हाची त्याहून बारीक. हात लावून पाहिला, थंड होती.

शिजवण्याचा क्रमही समजण्यासारखा आहे. मक्याचा स्टार्च हट्टी, त्याला जवळजवळ उकळत्या पाण्यात शिजवावं लागतं. मग भांडं थोडं निवू देतात आणि गहू घालतात, कारण फार गरम पाण्यात गव्हाच्या गुठळ्या होतात. खीर करताना पीठ एकदम उकळत्या दुधात टाकल्यावर होतं तेच. बार्ली सगळ्यात शेवटी, आणखी निवल्यावर, नाहीतर तिची विकरं उष्णतेनं मरतात. त्यानंतर यीस्ट घालून चार-पाच दिवस आंबवतात. आंबणाच्या टाकीवर मी नको तितकी वाकले आणि कार्बन डायऑक्साइड नाकात असा गेला की डोळ्यांतून पाणी आलं. पाणी पुसल्यावर पुन्हा, लांबून वास घेतला: आंबोळीचं पीठ, पिकलेलं केळं, आणि ताक.

पिंपांच्या गोदामात मात्र बराच वेळ रेंगाळले. टेक्सासात उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून किती तरी जास्त. उष्णतेनं दारू प्रसरण पावून लाकडात शिरते, रात्री गारवा आला की बाहेर येते. दर वर्षी पिंपातून काही भाग हवेत उडून जातो, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. केंटकीत तो साधारण चार टक्क्यांच्या आसपास धरतात, टेक्सासात बराच जास्त. हवा गरम आणि कोरडी असेल तर अल्कोहोलपेक्षा पाणी आधी उडतं आणि पिंपातली दारू अधिक कडक होत जाते. मी घेतलेली बाटली एकाच पिंपातली होती: भरताना ५७.५ टक्के, तीन वर्षांनी काढताना ६०. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट व्हिस्की मुरते तिथेही उष्णतेचा हाच प्रश्न आहे. उष्ण प्रदेशातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा लवकर रंग धरते हे आपल्याकडे गोव्यामुळे आणि बंगळुरूच्या अमृतमुळे अनेकांना माहीत झालं आहे. लवकर रंग धरणं आणि लवकर तयार होणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. त्याबद्दल पुढे.

डिस्टिलरीचं नाव मी देत नाही. एका पिंपावरून कुणाच्या सगळ्या कामाला मार्क देणं बरोबर नाही.

घरी पहिल्या संध्याकाळी बाटली उघडली. ट्यूलिपसारख्या निमुळत्या तोंडाच्या पेल्यात १५ मिलिलिटर, पाणी न घालता. साठ टक्क्यांच्या दारूत नाक खुपसलं तर पुढची दहा मिनिटं काहीच कळत नाही, म्हणून पेला हनुवटीशी धरला, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि वास आपणहून वर येऊ दिला. आधी काकवी आली. मागोमाग तुपावर भाजलेला रवा, सुकं खोबरं, थोडी खारीक. आणि मग अगदी स्पष्ट लवंग. घोट घेतला तर जिभेच्या टोकाला गोड, मध्ये झोंबलं, आणि गिळल्यावर हिरड्यांवर आवळा चावल्यासारखा तुरटपणा राहिला.

वहीत मी लिहिलं: "लवंग कशी? यात राय नाही." आणि शंका घेतली की लेबल खोटं आहे की काय. दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर चूक लक्षात आली. लवंगेचा वास ज्या युजेनॉलचा असतो ते ओकच्या लाकडातही असतं. व्हॅनिलाचा वास लाकडातल्या लिग्निनपासून येतो, खोबऱ्याचा ओकमधल्या लॅक्टोनमुळे, काकवीचा जळालेल्या लाकडातल्या साखरांमुळे. म्हणजे पहिल्या पानावर मी जे जे आवडीनं लिहून ठेवलं होतं ते बहुतेक सगळं पिंपाचं होतं. धान्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मसाल्याचा डबा पाठ असणाऱ्या माणसालाच ही चूक लवकर होते. लवंग ओळखू येते, म्हणून ती कुठून आली हेही आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं.

पुढे पद्धत बदलली. तुलनेला दोन बाटल्या आणल्या: गव्हाची मेकर्स मार्क, ४५ टक्क्यांची, आणि रायची वाइल्ड टर्की १०१, ५०.५ टक्क्यांची. तिन्ही एकाच कडकपणावर आणणं गरजेचं होतं. नाहीतर कडक असेल ती जास्त 'मसालेदार' वाटते, आणि तो मसाला नसतो, अल्कोहोलची झोंब असते. (या दोन शब्दांतला फरक मराठीत फार उपयोगी पडला. मिरी तिखट असते, स्पिरिट झोंबतं. वहीत मी दोन्हींसाठी वेगळे रकाने केले.) माझ्या बाटलीतल्या ३० मिलिलिटरमध्ये १० मिलिलिटर पाणी घातलं की ती ४५ वर येते. वाइल्ड टर्कीच्या ३० मध्ये ३.७ पुरतं. औषधाची सिरिंज वापरली. पाणी घातल्यावर पेले झाकून दहा मिनिटं तसेच ठेवले.

पाण्यानं माझ्या बाटलीचा चेहराच बदलला. झोंब गेली आणि तिच्याखाली लपलेलं दिसायला लागलं, चांगलं आणि वाईट दोन्ही. चांगलं म्हणजे मक्याचा गोडवा, कोवळं कणीस भाजताना पहिल्यांदा जो वास सुटतो तो. वाईट म्हणजे ओल्या करवतीच्या भुशाचा वास आणि काढ्यासारखा तुरट शेवट. कोवळेपणा आणि लाकडाचा अतिरेक एकाच पेल्यात होते. पहिल्यांदा हे विसंगत वाटतं, पण तसं नाही. रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिन्स उष्णतेनं लाकडातून झटपट सुटतात. हवेशी सावकाश होणाऱ्या ज्या क्रिया कच्च्या स्पिरिटची धार घालवतात आणि फळांसारखे वास तयार करतात, त्यांना मात्र वेळच लागतो, आणि उन्हाळा तो सगळा भरून काढू शकत नाही. तीन टेक्सासी उन्हाळ्यांनी या पिंपाला सहा-सात वर्षांचा रंग दिला होता. समज मात्र तीन वर्षांचीच होती.

मग त्रिकोणी चाचणी. आमच्या प्रयोगशाळेत ही रोजची: तीन नमुने, त्यांतले दोन सारखे, वेगळा ओळखायचा. निव्वळ अंदाजानंही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून अनेक वेळा करावी लागते. नवऱ्यानं पेले भरायचं काम घेतलं. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून ऑलिव्ह तेल तपासायला वापरतात तसले गडद निळे पेले मागवले. सहा संध्याकाळी, रोज दोन फेऱ्या, प्रत्येक पेल्यात ५ मिलिलिटर. घोट तोंडात घोळवून थुंकायचा, मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, ते पुन्हा जागं होतं.

नवरा फार कडक परीक्षक निघाला. "अगं, कुठला ते आधी बोल, मग कारणं सांग," हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. ते योग्यच होतं, कारण कारणं सांगता सांगता माणूस आपलं उत्तर बदलतो.

सहा फेऱ्या माझी बाटली विरुद्ध वाइल्ड टर्की. सहापैकी पाच बरोबर. नुसत्या अंदाजानं सहापैकी पाच किंवा जास्त येण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे फरक मला खरोखर कळत होता. इथवर अपेक्षेप्रमाणे. उरलेल्या सहा फेऱ्या माझी बाटली विरुद्ध मेकर्स मार्क, म्हणजे गहू विरुद्ध गहू. या अवघड जातील असं मी धरून चालले होते. सहाच्या सहा बरोबर आल्या, आणि त्याही पटकन. दर वेळी त्या तुरट शेवटानं मला उत्तर दिलं.

हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. एकच धान्य असलेल्या दोन बर्बन एकमेकींपासून जितक्या लांब होत्या, तितक्या गव्हाची आणि रायची नव्हत्या. पिंप, हवामान आणि वय यांनी धान्याला झाकून टाकलं होतं. चाचणी निर्दोष नाही, हे मान्य: तिन्ही बाटल्यांत धान्याखेरीज आणखी दहा गोष्टी वेगळ्या आहेत, यीस्टपासून पिंप किती जाळलं इथपर्यंत. पण दुकानात 'व्हीटेड' हा शब्द वाचून, ती मऊच असणार असं समजून बाटली उचलणाऱ्यांना मी आता थांबवीन. आधी वय बघा, कुठे मुरली ते बघा, मग धान्य.

तरी गहू कुठेच नव्हता असं नाही. वाइल्ड टर्की आणि मेकर्स मार्क शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. रायची बर्बन घोट गिळल्यावर वर चढते, नाकाच्या मागच्या बाजूला पुदिना आणि मिरी घेऊन. गव्हाची जिभेच्या मध्यावरच पसरून बसते. त्या जागेत मका आणि लाकूड मोकळेपणानं बोलतात. पुरणपोळी खाताना कणकेचं कौतुक कुणी करत नाही, पण पुरण पुढे येतं ते कणीक मागे राहते म्हणून. माझ्या बाटलीत गव्हानं हेच केलं होतं, आणि त्यामुळेच लाकडाचा दोष इतका उघडा पडला. रायचा तिखटपणा असता तर त्याआड बराच तुरटपणा खपून गेला असता. गव्हाच्या बर्बनला लपायला जागा नसते. छोट्या डिस्टिलरीनं पैसे अडकवून चार-पाच वर्षं थांबायचं, की तिसऱ्या वर्षी बाटली विकायची, हा निर्णय रायपेक्षा इथे जास्त महाग पडतो. मला त्या डिस्टिलरबद्दल आदरच वाटतो, त्यांनी भरड थंड ठेवली होती, गहू योग्य वेळी घातला होता. कमी होती ती फक्त वर्षं.

मार्क दिले ते असे: वासाला २५ पैकी २१, चवीला २०, शेवटाला १५, एकूण तोलाला १८. शंभरात ७४. पाणी घालून. न घालता ७० सुद्धा दिले नसते. दीड महिन्यानं, बाटली अर्धी रिकामी असताना पुन्हा तपासली. हवा लागून तुरटपणा थोडा उतरला होता, खारीक आणि मनुका पुढे आल्या होत्या. शेवटाचे दोन मार्क वाढवले.

बाबांना हे सगळं सांगितलं. थुंकायचं हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग म्हणाले, "उरलेला गहू आहे ना? दळून ठेव शेजारी आणि वास घे. एवढी उठाठेव कशाला?"

प्रयोगशाळेत याला संदर्भ नमुना म्हणतात आणि मी तो घ्यायला विसरले होते. मूठभर गहू मिक्सरमधून काढला. अर्धं पीठ कच्चं ठेवलं, अर्धं कोरड्या तव्यावर गुलाबी भाजलं. रात्रभर वाळलेला माझ्या बर्बनचा पेला सकाळी शेजारी ठेवला. स्पिरिट उडून गेलेलं असतं, तळाशी राहतं ते धान्य आणि लाकूड, म्हणून रिकामा पेला नेहमी तपासावा. कच्च्या पिठाशी त्याचं काहीच नातं लागलं नाही. भाजलेल्या पिठाशी लागलं. दोन्हींतून एकच उबदार, खरपूस वास येत होता. पण जाळलेल्या ओकचाही वास खरपूसच असतो. मी तिन्ही गोष्टी आलटून पालटून हुंगल्या, नवऱ्याला डोळे मिटून हुंगायला लावल्या, आणि वहीत 'गहू' या रकान्यात लिहिलं: "भाजलेली कणीक, शक्यता अर्धी." मेकर्स मार्कचा रिकामा पेला अजून तसा तपासायचा आहे. त्यासाठी दहा-बारा दाणे डबीत ठेवले आहेत.